नवी किडनी आणि दुपारची साखर

मधुमेहामुळे ज्यांच्या किडन्या गेल्या, त्यांना साखर म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. हा लेख त्यांच्यासाठी नाही. नेफ्रायटिस, रक्तदाब, मुतखडे, जन्मजात दोष किंवा शेवटपर्यंत ज्याचं कारणच कळलं नाही असा आजार, यामुळे जे डायलिसिसपर्यंत आले आणि ज्यांना आयुष्यात कधी साखरेचा त्रास नव्हता, अशा माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी तो आहे. प्रत्यारोपण होतं, क्रिएटिनिन खाली येतं, लघवी भरपूर होऊ लागते, घरात आनंद असतो, आणि दोन-तीन महिन्यांत कुठल्यातरी रिपोर्टवर साखर वाढलेली दिसते. "ही कुठून आली?" हा पहिला प्रश्न. "ऑपरेशनमध्ये काही चुकलं का?" हा दुसरा.

चुकलेलं काही नसतं. प्रत्यारोपणानंतर नव्याने होणारा मधुमेह ही जगभरातल्या डॉक्टरांच्या पूर्ण ओळखीची गोष्ट आहे. वेगवेगळ्या अभ्यासांमध्ये त्याचं प्रमाण शंभरात १० पासून ४० पर्यंत सांगितलं जातं. एवढी तफावत का, तर साखर कोणाची मोजली, कशी मोजली आणि दिवसाच्या कुठल्या वेळी मोजली यावर आकडा बदलतो. या वेळेच्या मुद्द्याकडे पुढे सविस्तर येऊ, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

आधी हे पाहू की धोका नेमका कोणाला जास्त असतो. त्यातला बराचसा भाग शस्त्रक्रियेच्या आधीच, तपासण्यांच्या फायलीत दिसत असतो. तो कोणी रुग्णाला वाचून दाखवत नाही, एवढंच.

आईची साखर निघाली, तेव्हा

आपल्याकडे बहुतेक किडन्या घरातूनच मिळतात. आई, वडील, बहीण, भाऊ, बायको. दात्याच्या तपासण्या सुरू होतात आणि पुष्कळ घरांत असं घडतं की आईची साखर निघते आणि ती दाता म्हणून बाद होते. घरचे हळहळतात आणि लगेच दुसरा दाता शोधायला लागतात. पण ही बातमी फक्त दात्याबद्दलची नसते, रुग्णाबद्दलचीही असते. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला मधुमेह असला, तर प्रत्यारोपणानंतर रुग्णाला तो होण्याची शक्यता वाढते. म्हणून दाता बदलला तरी तो रिपोर्ट बाजूला टाकू नका. रुग्णाच्या फायलीत त्याची नोंद करायला सांगा: "आईला मधुमेह, अमुक वयात कळला." ज्या घरात बायकोने किडनी दिली तिथे तिच्या सासू-सासऱ्यांची, म्हणजे रुग्णाच्या आई-वडिलांची, साखर कोणी तपासलेलीच नसते. त्यांचीही एकदा बघून घ्यावी.

दुसरी गोष्ट वय. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर प्रत्यारोपण झालं तर धोका वाढत जातो. यावर इलाज नाही, पण माहिती असलेली बरी. स्त्रियांच्या बाबतीत गरोदरपणात साखर वाढली होती का, हे आवर्जून सांगावं. वीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाचा किडनीशी काय संबंध, असं वाटतं, पण साखरेशी नक्की आहे. ज्यांच्या किडन्यांत आनुवंशिक गाठी होतात, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनीचा आजार असतो, त्यांच्यातही हा धोका थोडा जास्त आढळला आहे. हिपॅटायटिस सी हा आणखी एक. डायलिसिसच्या काळात हा विषाणू लागलेले रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. तो यकृताबरोबर साखरेचंही गणित बिघडवतो. पूर्वी त्यावर इंटरफेरॉन होतं आणि ते प्रत्यारोपणानंतर दिलं तर नवी किडनी नाकारली जाण्याची भीती असे. आता तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा साधारण १२ आठवड्यांचा कोर्स आहे आणि बहुतेक लोक त्याने पूर्ण बरे होतात. तो प्रत्यारोपणाच्या आधी घ्यायचा की नंतर, हे डॉक्टर ठरवतील. विषय मात्र तुम्ही काढा.

आणि आपण भारतीय आहोत, हेही धोक्याच्या यादीत येतं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला होता. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले प्रा. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी लपलेली असते, हे त्या एका फोटोने जगाला पटवलं. म्हणून परदेशी पुस्तकात बीएमआय ३० झाल्यावर लठ्ठपणाची घंटा वाजते, आपल्यासाठी ती २५ ला वाजवायची. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत हवी. डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या वजनाचा तर भरवसाच नसतो. त्यात साठलेलं पाणी असतं, झिजलेले स्नायू असतात. "हा तर काडीसारखा झालाय, याला कसली शुगर" हे वाक्य मनातून काढून टाका आणि टेपने कंबर मोजा.

झाकलेली साखर

आता थोडं शरीराच्या आत. इन्शुलिन स्वादुपिंडात तयार होतं हे सर्वांना माहीत असतं. त्याची विल्हेवाट लावण्याचं बरंच काम किडनी करते, हे फारसं माहीत नसतं. किडनी निकामी झाली की इन्शुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. शिवाय निरोगी किडनी उपाशीपोटी स्वतः थोडी साखर बनवते, तेही काम थंडावतं. परिणाम असा की ज्याचं स्वादुपिंड आधीच थकलेलं आहे, त्याचीही उपाशीपोटीची साखर डायलिसिसच्या काळात चांगली दिसू शकते. नवी किडनी बसते, ती इन्शुलिन भराभर साफ करू लागते, साखर बनवू लागते आणि झाकलेली गोष्ट उघडी पडते. म्हणजे नवी किडनी उत्तम चालू आहे, हेही साखर दिसण्याचं एक कारण असतं! हे कळलं की "ऑपरेशनमध्ये काही चुकलं का" या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

यातून करायची गोष्ट एकच: प्रत्यारोपणाआधी नुसत्या उपाशीपोटीच्या साखरेवर समाधान मानू नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर बघायची तपासणी करता येईल का, ते विचारा. दोन तासांनी १४० ते १९९ आली, तर मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभे आहात. जे लोक पोटातून डायलिसिस करतात त्यांच्या पाण्यातच ग्लुकोज असतं, त्यांनी तर हे नक्की करावं. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी झेडटीसीसीच्या, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, यादीत नाव असलेल्यांना आणखी एक सूचना. नाव नोंदवताना साखर तपासली होती, ती गोष्ट काही वर्षांपूर्वीची असते. तेवढ्यात वय वाढलं, वजन बदललं. दर वर्षी पुन्हा तपासा. वाट बघण्याचा काळ कंबर कमी करण्यासाठी वापरला, तर त्याचा उपयोग ऑपरेशनच्या टेबलावरही होतो.

औषधं: लागतातच, आणि साखरही वाढवतात

शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून स्टेरॉइडचे मोठे डोस देतात, नंतर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या. पहिल्या आठवड्यात बहुतेक सगळ्यांचीच साखर वाढते. तेवढ्यावरून मधुमेह झाला असं कोणी म्हणत नाही. डोस हळूहळू खाली आणत पुष्कळ ठिकाणी दिवसाला ५ मिलिग्रॅमवर ठेवतात. स्टेरॉइडमुळे इन्शुलिनला शरीर दाद देईनासं होतं, यकृत जास्त साखर सोडतं आणि भूक खवळते. तिन्ही एकदम.

त्याच कामासाठी दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसची वाट वेगळी आहे. ते स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींनाच जखडतं. एकीकडे इन्शुलिनचा उपयोग होत नाही, दुसरीकडे ते बनतही नाही, अशी ही जोडगोळी आहे. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी जितकी वर, तितका हा परिणाम जास्त. पहिल्या महिन्यांत पातळी मुद्दाम वर ठेवतात, कारण किडनी नाकारली जाण्याची भीती तेव्हाच जास्त असते. म्हणून साखरही पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच जास्त डोकं वर काढते.

मग त्याऐवजी त्याच कामाचं सायक्लोस्पोरिन का देत नाहीत? त्याने साखर तुलनेने कमी वाढते, हे खरं आहे. २००७ मध्ये 'सिम्फनी' नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. कमी डोसातलं टॅक्रोलिमस घेणाऱ्यांच्या किडन्या सगळ्यात चांगल्या चालल्या, नाकारल्या जाण्याचं प्रमाणही त्यांच्यातच सर्वांत कमी होतं. पण नवा मधुमेहही त्याच गटात जास्त दिसला. डॉक्टर टॅक्रोलिमसला धरून असतात ते या हिशोबाने: साखरेवर इलाज करता येतो, गेलेली किडनी परत येत नाही. सिरोलिमस आणि एव्हरोलिमस ही औषधंही साखर वाढवू शकतात, तेव्हा नाव बदललं म्हणजे सुटका झाली असं नाही. स्टेरॉइड लवकर बंद करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. जर्मनीतल्या 'हार्मनी' चाचणीत, २०१६ मध्ये, किडनी नाकारली जाण्याचा धोका मुळात कमी असलेल्या रुग्णांचं स्टेरॉइड आठव्या दिवशी थांबवलं, तर पहिल्या वर्षात मधुमेह कमी झाला आणि किडनी नाकारली जाण्याचं प्रमाण वाढलं नाही. हे सगळ्यांना लागू होत नाही, पण ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी प्रत्यारोपणाआधीच हा प्रश्न विचारणं योग्य आहे. नंतर विचारलात तरी हरकत नाही. मात्र यूट्यूबवर काही पाहून स्वतःच्या मनाने गोळी अर्धी करणं हा या लेखाने सांगितलेल्या कुठल्याही धोक्यापेक्षा मोठा धोका आहे.

टॅक्रोलिमसची पातळी तुमच्या नकळतही चढते. बुरशीवरची फ्लुकोनॅझोलसारखी औषधं, क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, रक्तदाबासाठीचं डिल्टियाझेम, यांनी ती वाढते. डॉक्टर कधी मुद्दाम डिल्टियाझेम देतात आणि डोस त्या हिशोबाने ठरवतात, तो भाग वेगळा. गल्लीतल्या दवाखान्यात खोकल्यासाठी गोळ्या घेतल्या, तर किडनीच्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय पहिली गोळी घेऊ नका. आणि कोकण-गोव्याच्या वाचकांसाठी खास: पपनस खाऊ नका. ग्रेपफ्रूटच्या कुळातलं हे फळ टॅक्रोलिमसची पातळी वाढवू शकतं. परसात झाड असलेल्यांना हे जड जाईल, पण फळ शेजाऱ्यांना द्या.

टॅक्रोलिमसने लघवीतून मॅग्नेशियमही वाहून जातं, आणि रक्तात मॅग्नेशियम कमी असणाऱ्यांमध्ये मधुमेह जास्त दिसतो. त्याची तपासणी साधी आहे, अधूनमधून करून घ्यावी. सीएमव्ही नावाच्या विषाणूचा संसर्गही या यादीत येतो. त्यावरच्या प्रतिबंधक गोळ्या महाग पडतात म्हणून काही लोक मध्येच सोडतात, ते करू नये.

कधी मोजायची

आता वेळेचा मुद्दा. स्टेरॉइडची गोळी सकाळी न्याहारीबरोबर घेतली की तिचा साखरेवरचा जोर पुढच्या चार ते आठ तासांत दिसतो. म्हणजे दुपारी आणि संध्याकाळी. रात्रीतून तो ओसरतो. दुसऱ्या दिवशी पहाटे उपाशीपोटी साखर मोजली तर ती ९५ येऊ शकते, आणि त्याच माणसाची आदल्या दुपारची २३० असते. उपाशीपोटीची साखर चांगली आली म्हणून निश्चिंत राहणं, ही या आजारातली सगळ्यात सामान्य फसगत आहे.

त्यातून आपल्या ओपीडीची रीत अशी. टॅक्रोलिमसची पातळी मोजायला रक्त सकाळचा डोस घेण्याआधी द्यावं लागतं. त्यामुळे रुग्ण पहाटे निघतो, आठ-नऊला रक्त देतो, त्यातच साखरही तपासली जाते, मग गोळ्या, मग कॅंटीनमध्ये इडली, डॉक्टरांना भेटणं आणि दुपारच्या गाडीने गाव. जेवणानंतर दोन तासांनी रक्त द्यायला कोण थांबतो? सातारा किंवा लातूरहून आलेला तर नाहीच. म्हणून घरी ग्लुकोमीटर ठेवा. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्यातून दोन-तीन दिवस दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, आणि एखादे दिवशी रात्रीच्या जेवणाआधी बोटातून मोजा. वहीत तारीख, वेळ, आकडा आणि त्या दिवशीचा स्टेरॉइडचा डोस लिहा. २०० किंवा जास्त दोनदा आली की पुढच्या तारखेची वाट न बघता कळवा. १४० ते २०० च्या मध्ये वारंवार येत असेल तर वही पुढच्या भेटीत दाखवा. लघवी नव्या किडनीमुळे जास्त होतेच, पण त्याबरोबर घसा कोरडा पडणं आणि वजन उतरणं असेल तर लगेच मोजा. साखर ३०० च्या वर गेली, उलट्या होत असतील किंवा माणूस सुस्त पडला असेल, तर फोनवर वेळ घालवू नका, हॉस्पिटल गाठा.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी सगळ्यांना आवडते, कारण उपाशी राहावं लागत नाही. पण प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तिच्यावर विसंबू नये. रक्त चढवलेलं असतं, रक्तवाढीची इंजेक्शनं झालेली असतात, नव्या तांबड्या पेशी भराभर तयार होत असतात. या नव्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, आणि आकडा खोटा कमी येतो. तो ६.५ च्या वर आला तर दुर्लक्ष करू नका, पण ५.८ आला म्हणून पेढे वाटू नका.

दवाखान्यातल्या तपासण्यांचं वेळापत्रक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार साधारण असं: पहिले चार आठवडे दर आठवड्याला, मग वर्षभर दर तीन महिन्यांनी, त्यानंतर दर वर्षी. मधुमेहाचं पक्कं निदान शक्यतो पहिले ४५ दिवस होऊन गेल्यावर, डोस स्थिर झाल्यावर करतात. उपाशीपोटी १२६ किंवा ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २००, ही रेषा. आणि किडनी नाकारली जातेय म्हणून पुन्हा तीन-चार दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं, तर हे सारं वेळापत्रक पहिल्या आठवड्यापासून परत सुरू करायचं.

भूक परत येते

डायलिसिसवरच्या माणसाने वर्षानुवर्षं भाज्या उकळून पाणी टाकून खाल्लेल्या असतात. शहाळं बंद, केळं बंद, टोमॅटो बंद, पाणी मोजून. तोंडाला धातूची चव. प्रत्यारोपण झालं की चव परत येते, बंधनं सैल होतात, स्टेरॉइडची भूक वर असते आणि घरातली माणसं इतक्या दिवसांचं राहिलेलं खाऊ घालायला टपलेली असतात. पहिल्या वर्षात वजन वाढतं ते असं. कोणी यात दोषी नाही, पण आजीला आधीच सांगून ठेवा.

पाणी भरपूर प्या असं डॉक्टर सांगतात, तेव्हा ते पाण्याबद्दलच बोलत असतात. कोकम सरबत, उसाचा रस, पाकिटातले ज्यूस यांनी दिवसाचे तीन लिटर भरायचे नाहीत. उसाचा रस तर संसर्गाच्या भीतीनेही नकोच. दुपारचं जेवण सगळ्यात हलकं ठेवा, कारण साखर वाढायची तीच वेळ: भाताचा डोंगर नको, एक भाकरी किंवा दोन फुलके, नीट शिजवलेली उसळ, भाजी, ताक घरच्या ताज्या दह्याचं. उपवासाची साबुदाणा खिचडी हा निव्वळ पिठूळ पदार्थ आहे; उपवास औषधांच्या वेळाही बिघडवतात, तेव्हा एकादशी सोडलेली बरी. पोटॅशियम अजून वर असेल तर फळं आणि डाळी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे. टॅक्रोलिमस पोटॅशियमही वाढवतं. जखम भरल्यावर, परवानगी मिळाली की दुपारच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं घरातल्या घरात किंवा इमारतीखाली चाला. पहाटेच्या फेरीला जितकं महत्त्व दिलं जातं तितकंच या चालण्याला द्या.

निघालीच साखर, तर

इन्शुलिन सुचवलं की लोक दचकतात, "आता आयुष्यभर टोचायचं" म्हणून. सुरुवातीच्या दिवसांत इन्शुलिन देण्यामागे थकलेल्या पेशींना विसावा देणं हा हेतू असतो. स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस खाली आलं की बऱ्याच जणांचं इन्शुलिन कमी होतं, काहींचं सुटतंही. गोळ्याही आहेत. लिनाग्लिप्टिनचा डोस किडनीच्या कामानुसार बदलावा लागत नाही. मेटफॉर्मिन किडनी पुरेशी चालत असेल तरच देतात, म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या घेऊन बघू नका. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या कामाच्या आहेत, पण प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला त्यांनी लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. कोणती गोळी कोणाला, हे किडनीचे आणि मधुमेहाचे डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवू देत. ते आपसात बोलत नसतील, तर दोघांच्या चिठ्ठ्या एकाच फायलीत ठेवा आणि प्रत्येकाला दुसऱ्याची दाखवा. वाढलेली साखर तशीच राहिली तर हृदयविकार, संसर्ग आणि नव्या किडनीवरचा ताण, तिन्ही वाढतात. डोळ्यांची तपासणी आणि पायांची काळजी इतर मधुमेह्यांसारखीच.

पहिलं वर्ष सुखरूप गेलेल्यांसाठीही थोडं. धोका नंतर कमी होतो, पण संपत नाही, कारण वय आणि वजन वाढतच असतं. पाच-सात वर्षांनी गुडघा दुखतो म्हणून सांध्यात इंजेक्शन घेतलं जातं. ते बहुधा स्टेरॉइडचं असतं आणि पुढचे काही दिवस साखर चढते. दम्याच्या झटक्यात आठवडाभर प्रेडनिसोलोन वाढतं. सांधेदुखीवर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि दोन दिवसांत आराम पडतो तो त्यामुळेच. अशी पुडी घेतली असेल तर लाजू नका. उरलेल्या पुड्यांसकट किडनीच्या डॉक्टरांकडे जा, आणि निघण्याआधी दुपारच्या जेवणानंतरची साखर मोजून वहीत लिहा.